पट्टीतली रिकामी जागा

"हयसर शून्य लिवलेला आसा मां? मगे पैशे कमी कित्याक?"

आबा, म्हणजे माझे वडील, कागद घेऊन खळ्यात आले तेव्हा मी पेंढ्यात बसून पेट्यांवर चिकटवायचे नंबर कापत होतो. २०१० सालचा एप्रिल. बाहेर कातळ तापलेला, आत गड्यांची पेट्या भरायची घाई. आबांच्या हातातला कागद वाशीच्या पट्टीचा होता, पण छापला होता माझ्याच प्रिंटरने. 'डागी' या रकान्यात ठळक शून्य, आणि खाली हातात येणारी रक्कम आबांच्या तोंडी हिशोबापेक्षा साडेअकराशे रुपयांनी कमी. आबांचा तोंडी हिशोब चुकत नाही. चुकलाच तर आमच्या बाजूने चुकतो.

ज्यांच्या घरी आंबा फक्त खाल्ला जातो त्यांच्यासाठी पट्टी म्हणजे काय ते सांगतो. देवगडातून संध्याकाळी हुंडेकऱ्याचा ट्रक पेट्या घेऊन निघतो आणि पहाटे वाशीच्या बाजारात पोचतो. आडत्या माल विकतो. मग किती पेट्या, काय भाव, भाडं किती, हमाली किती, डागी फळांपायी गिऱ्हाइकाने किती कापले, हातात किती पडणार, असा सगळा हिशोब एका लांबट कागदावर लिहून बागायतदाराला पाठवतो. ती पट्टी. हंगामात आमच्याकडे कोण कोणाला भेटला की 'बरा मां?' नंतरचा दुसरा प्रश्न 'पट्टी इली?' हाच असतो.

पुण्यातली नोकरी सोडून मी घरी आलो ते या पट्ट्या कम्प्युटरवर आणायच्या ईर्ष्येने. आमची आणि शेजारच्या दहा-बारा बागांची नोंद एका ठिकाणी राहील अशी वेब सेवा मी जावामध्ये लिहिली. आडत्याकडचा प्रोग्रॅम तिला थेट पट्टी कळवणार, पुण्याचा एक फळविक्रेता तिच्याकडून शिल्लक पेट्या विचारून घेणार, हुंडेकरी गाडी पोचल्याचं सांगणार. तिघांचे प्रोग्रॅम तीन भाषांतले. वाशीचा व्हीबी डॉट नेटमध्ये, पुण्याचा पीएचपीत, आणि हुंडेकऱ्याच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाचा पायथनमध्ये. मला त्याची चिंता नव्हती. मी सोप वापरलं होतं, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला एक्सएमएलच्या, टॅग लावलेल्या मजकुराच्या, लखोट्यात निरोप पाठवायची पद्धत. त्या काळचा तिचा सगळा डौलच तो होता. सेवेचं वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएलची एक फाईल ठेवून द्यायची. कोणती विनंती करता येते, तिच्यात कोणते रकाने आहेत, कुठला आकडा आणि कुठला मजकूर, सगळं त्यात. समोरच्याने कुठल्याही भाषेतून ती फाईल वाचावी, त्याच्या भाषेतला क्लास आपोआप तयार होतो, आणि देवगडातली सेवा त्याला आपल्याच घरातल्या फंक्शनसारखी वाटते. वाशीच्या प्रोग्रॅमरने व्हिज्युअल स्टुडिओत एक बटण दाबलं होतं आणि दहा मिनिटांत मला फोन केला होता, "झालं की हो, लागली तुमची सेवा."

आबा त्याच रात्री आडत्याला फोन लावणार होते. तीस वर्षांपासूनचा आडत्या. गिरणी संपाच्या काळात आमच्या चुलत्यांची नोकरी गेली तेव्हा आगाऊ पैसे दिलेला माणूस. फोन गेला असता तर पहिलं वाक्य काय निघालं असतं याची मला कल्पना होती, म्हणून मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि हुंडेकऱ्याच्याच ट्रकमधून वाशी गाठली.

गाळ्याच्या पोटमाळ्यावर कम्प्युटर, त्यावर कालच्या झेंडूचा हार, खाली लिलावाचा गलका. जुन्नरकडचे मुनीम चष्म्यावरून बघत म्हणाले, "सहा फळं डागी होती, मी सोताच्या हातानं टाकलीत आत." प्रोग्रॅमरने कोड उघडला. ओळ होती: पट्टी डॉट डागी बरोबर सहा. म्हणजे मुनीम खरं बोलत होते. मग आम्ही तारेवरून प्रत्यक्ष जाणारा संदेश पकडला. त्यात मार्का होता, पेट्या होत्या, भाव होता, हमाली होती. डागीचा टॅगच नव्हता. सहा आकडा कोडमध्ये होता आणि लखोट्यात नव्हता.

कारण कळायला संध्याकाळ झाली. वर्णनाच्या फाईलमध्ये मी डागीचा रकाना ऐच्छिक ठेवला होता, कारण कधीकधी डागी नसतातच. व्हीबीतल्या साध्या पूर्णांकाला रिकामं राहता येत नाही, त्यात काही ना काही असतंच, भरलं नाही तर शून्य. मग 'हा रकाना पाठवायचाच नाही' हे त्या भाषेत सांगायचं कसं? म्हणून डॉट नेटचं यंत्र प्रत्येक ऐच्छिक आकड्याशेजारी एक जोडीदार तयार करतं, डागीच्या शेजारी 'डागीस्पेसिफाइड'. हे मला सांगायचं आहे की नाही, एवढंच त्याचं काम. आणि मुळात तो 'नाही' असतो. आकडा भरायचा आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहून जोडीदाराला 'हो' करायचं, नाहीतर आकडा घरातच राहतो. ना चूक दाखवत, ना इशारा देत. प्रोग्रॅमरला ही ओळ ठाऊक नव्हती. मला तर अशी काही गोष्ट असते हेच ठाऊक नव्हतं, कारण जावामध्ये ती नाही.

इथवर दोष वाशीचा. पुढचा माझा. रकाना आलाच नाही म्हणून माझ्या बाजूला तो 'नल', म्हणजे 'काहीच नाही', म्हणून पोचला, आणि डेटाबेसात रिकामं चालत नव्हतं म्हणून मी एक ओळ लिहून ठेवली होती: नसेल तर शून्य. ती लिहिताना मला काहीही वाटलं नव्हतं. अशा ओळी दिवसाला दहा लिहिल्या जातात. त्या ओळीने, ज्या माणसाने काहीच सांगितलं नव्हतं त्याच्या तोंडी 'एकही फळ डागी नव्हतं' हे वाक्य घातलं, आणि ती तीस वर्षांच्या संबंधावर साडेअकराशे रुपयांचा डाग पाडत होती.

घरी आल्यावर आबांनी माळ्यावरून तारेत ओवलेल्या जुन्या पट्ट्या काढायला लावल्या. पिवळ्या पडलेल्या, मुनिमांच्या हातच्या. डागीच्या रकान्यात कुठे आकडा, कुठे आडवी रेघ, कुठे काहीच नाही. मी विचारलं, रेघ आणि रिकामं यात फरक काय? आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की याला आम्ही पुण्याला कशासाठी शिकायला ठेवला! रेघ म्हणजे पेट्या उघडून पाहिल्या, डागी निघाला नाही. रिकामं म्हणजे अजून उघडलेल्याच नाहीत, पुढच्या पट्टीत कळेल. आणि शून्य? शून्य मुनीम लिहीतच नसत. शून्याच्या आधी कोणीही एक काढला की दहा होतात.

म्हणजे बाजारात तीन गोष्टी सांगायची सोय होती आणि मी ती दोनवर आणली होती. वर जी खूण त्यांच्या भाषेत नव्हतीच ती घुसडली होती.

या धड्यानंतर मी सोपचा इतिहास थोडा खोदला. १९९८ च्या सुमारास त्याच जातीचं एक्सएमएल-आरपीसी आलं; २००० च्या मे महिन्यात सोपचा १.१ हा मसुदा वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे नोंदला गेला. पुढच्या वर्षी डब्ल्यूएसडीएल. सगळ्यांचं वचन एकच, भाषा कुठलीही असो, बोलणं होईल. आणि २००२ साली मोठमोठ्या कंपन्यांना एकत्र येऊन डब्ल्यूएस-आय नावाची वेगळी संस्था काढावी लागली, ती कशासाठी, तर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या साधनांत खरोखर चालावं म्हणून. नियम सगळ्यांनी पाळले होते, पण नियमांतच दोन-दोन वाटा होत्या आणि ज्याने त्याने आपल्याला सोयीची धरली होती. त्या संस्थेने २००४ मध्ये आपला बेसिक प्रोफाइल पक्का केला. त्याचा बराचसा भाग 'असंही करता येतं' असं जिथे होतं तिथे 'असंच करा' म्हणणारा आहे. वाचायला रूक्ष आहे, पण वाशीहून परत आलेल्या माणसाला तो जिव्हाळ्याने वाचता येतो. माझा ऐच्छिक डागी मात्र त्यात बसत होता. नियम कुठेच मोडला नव्हता.

पुण्याच्या पीएचपीने वेगळीच गंमत केली. फळविक्रेत्याच्या साईटवर शिल्लक पेट्यांची यादी दिसायची: चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, प्रत्येकीचा भाव. अख्खा एप्रिल चालली, मे चालला. मेच्या शेवटी पहिला वळीव पडला, बाग संपत आली, एकच प्रकारची पेटी उरली, आणि साईटवर त्या एका पेटीऐवजी चार विचित्र पेट्या दिसू लागल्या. एकीचं नाव नुसतं '५', दुसरीचं नुसता भाव. विक्रेत्याचा फोन आला, "तुमच्याकडून काहीतरी बिघडलंय." मी म्हटलं, इकडे कोणी हात लावलेला नाही. दोघेही खरे. पीएचपीच्या सोप क्लायंटला दोन किंवा जास्त पेट्या आल्या तर तो यादी देतो. एकच आली तर यादी न करता ती पेटीच सुटी हातात ठेवतो. मग यादी समजून फिरणारा लूप त्या पेटीच्याच रकान्यांवरून फिरतो आणि डझन, भाव, मार्का यांनाच पेट्या समजतो. हे बदलायला एक पर्याय असतो, तो आधीच मागून घ्यावा लागतो. आपण चाचणी करतो ती भरल्या बागेत; रिकाम्या होत आलेल्या बागेत कोण करतं? शिवाय मी माझ्या बाजूने काही सुधारून वर्णनाची फाईल बदलली तरी पुण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत जुनीच चालायची, कारण पीएचपी ती फाईल ८६,४०० सेकंद, म्हणजे बरोबर एक दिवस, जपून ठेवतं. त्या एका दिवसात मी तीनदा शिव्या खाल्ल्या.

हुंडेकऱ्याच्या मुलाचा किस्सा रिकाम्या जागेचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोरगा हुशार. तयार लायब्ररी घ्यायची सोडून त्याने पायथनमध्ये सगळा लखोटा हाताने बांधला, त्याची लांबी वगैरे सांगणारं हेडरसुद्धा. त्याचं म्हणणं असं की ठिकाण इंग्रजीत लिहिलं की पोचतं, मराठीत लिहिलं की सर्व्हर म्हणतो एक्सएमएल अर्धवट आहे. मी त्याला 'जामसंडे' लिहायला सांगितलं. डोळ्याला अक्षरं चार: जा, म, सं, डे. पायथनला विचारलं तर सात, कारण काना, अनुस्वार, मात्रा हे त्याच्या लेखी वेगळे. आणि तारेवरून जाताना यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत त्यातल्या प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. त्याने हेडरमध्ये लांबी लिहिताना मजकुराची सातवाली मोजणी धरली होती आणि पाठवत होता एकवीसवाली. सर्व्हर सांगितल्याइतकेच बाइट वाचून थांबायचा; एका जामसंड्यामागे लखोट्याची शेपटी चौदा बाइटांनी तुटायची. शेवटचा बंद होणारा टॅग सोळा बाइटांचा असतो, त्यातला फक्त कोनाचा कंस आणि तिरकी रेघ उरायची. इंग्रजी ठिकाणाला एक अक्षर एक बाइट, म्हणून तिथे सगळं आलबेल. "म्हणजे मराठीत लिहिलं की वजन वाढतं," पोरगा म्हणाला. तेव्हापासून तो हुंडेकऱ्याच्या गाडीतही आधी वजन विचारतो, नग नंतर.

तारखेचंही एक होतं. ट्रक वाशीला पोचतो पहाटे पावणेचारला. ती वेळ जागतिक घड्याळात आदल्या रात्रीची सव्वादहा. एका प्रोग्रॅमने त्यातली वेळ छाटून नुसती तारीख ठेवली आणि आमचा आंबा कागदावर निघाल्याच दिवशी पोचू लागला. हे लवकर सापडलं. आबांना ते आवडलं होतं.

पुढे सोप मागे पडलं. रॉय फील्डिंग यांनी २००० सालच्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या रेस्टच्या, म्हणजे प्रत्येक गोष्टीला वेबवरचा पत्ता द्यायच्या, विचाराचं नाव घेत सगळे साध्या पत्त्यांकडे आणि जेसन या माहिती लिहायच्या सुटसुटीत पद्धतीकडे वळले, मीही वळलो. जेसन मला आवडतं. मजकूर, आकडा, खरं-खोटं, नल, यादी आणि रकान्यांचा गठ्ठा, बस्स. तारीख नाहीच, म्हणून निदान भांडण उघड होतं. पण साधेपणा म्हणजे एकवाक्यता नव्हे. २०१९ च्या हंगामात प्रत्येक पेटीला मी सतरा आकडी नंबर दिला: तारखेचे आठ, बागेचे सहा, पेटीचे तीन. २०१९०४१२०००१८३०१७. गिऱ्हाइकाने फोनवर नंबर टाकला की कुठल्या बागेची पेटी ते दिसणार. लोक कळवू लागले की पेटीवर शेवटी ०१७ आहे आणि फोनवर ०१६ दिसतंय. सर्व्हरवर ०१७. पायथनमध्ये ०१७. फक्त फोनवरच्या जावास्क्रिप्टमध्ये ०१६. त्या भाषेतला नेहमीचा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक नेमका धरतो. त्याच्या पुढे तो अंतर टाकत चालतो, आणि आमच्या नंबराच्या मापाला ते अंतर चाराचं होतं. ०१५, ०१६ आणि ०१७ या तिन्ही पेट्या त्याच्या लेखी ०१६. जेसनच्या नियमात आकडा किती मोठा असावा याला मर्यादा घातलेली नाही. मर्यादा वाचणाऱ्याच्या डोक्यात असते. ट्विटरला २०१० मध्ये हेच भोवलं होतं, म्हणून त्यांनी प्रत्येक नंबर आकडा म्हणून आणि शेजारी मजकूर म्हणून असा दोनदा पाठवायला सुरुवात केली. मी नुसता मजकूर केला. नंबराची आपल्याला बेरीज थोडीच करायची आहे.

सगळ्यात महाग पडली ती मात्र न आलेली उत्तरं.

मे २०२१. तौक्ते १६ तारखेला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. कलमं मुळासकट आडवी, वीज नाही, मोबाइलचे मनोरे मुके. सर्व्हर माझा भाड्याचा, मुंबईत, त्याला काहीही झालं नव्हतं. वादळाच्या आदल्या संध्याकाळी जेवढं हाती लागेल तेवढं भरून पाठवायची धडपड चालली होती आणि नेटवर्क तेव्हाच अडखळत होतं. हुंडेकऱ्याचं ॲप पेटी नोंदवायची विनंती पाठवायचं, तीस सेकंद थांबायचं, उत्तर आलं नाही की पुन्हा पाठवायचं. विनंत्या पोचत होत्या. परत येणारी उत्तरं वाटेत मरत होती. चार दिवसांनी रेंज आली तेव्हा वहीत अडतीस पेट्या होत्या आणि सर्व्हरवर चौऱ्याण्णव. आडत्याने तेवढ्या मालाचं गिऱ्हाईक धरून ठेवलं होतं.

ॲप लिहिणाऱ्याशी मी भांडलो. तो म्हणाला, "उत्तर आलं नाही म्हणजे झालं नाही असंच धरणार ना?" खरं तर त्याच्या लायब्ररीने त्याला एकच शब्द दिला होता, टाइमआउट. 'पोचलंच नाही', 'पोचलं पण नोंदलं नाही' आणि 'नोंदलं पण तुला कळलं नाही', तिघांना तोच एक शब्द. पुन्हा ती पट्टीतली रिकामी जागा, आणि पुन्हा कोणीतरी तिच्यात आपल्या मनचं लिहिलेलं. या वेळी मी नव्हतो एवढंच. पण विनंतीला स्वतःची खूण द्यायची सोय सेवेत ठेवली नव्हती, ते मीच.

अंधारात कंदिलाशेजारी बसून आबांना हे सांगितलं. आबांचे वडील गिरणीत होते, लालबागला. दर महिन्याला घरी मनिऑर्डर यायची. पोस्टमन आजीचा अंगठा घ्यायचा आणि ती पावती उलट मुंबईला जायची. पावसाळ्यात पावती कधीकधी महिना-महिना पोचायची नाही. मी आबांना विचारलं, मग आजोबा दुसरी मनिऑर्डर करायचे?

"येडो काय तू? पैशे काय झाडाक लागतत?" आबा म्हणाले. आजोबा पोस्टकार्ड टाकायचे. अमुक तारखेला अमुक रुपये, पावतीचा नंबर अमुक, मिळाले काय ते कळवणे.

पुढच्या हंगामात प्रत्येक ॲप, भाषा कुठलीही असो, पेटी नोंदवायच्या आधी स्वतः एक नंबर बनवून विनंतीवर टाकू लागलं. उत्तर नाही आलं तर आधी त्या नंबराची चौकशी करायची. चौकशीही अडली आणि तीच विनंती तोच नंबर लावून दहादा आली, तरी सर्व्हर एकदाच नोंदतो आणि दहाही वेळा पहिलंच उत्तर परत देतो. पोस्टकार्डाचा खर्च मात्र आता नाही.

यंदा वाशीचे मुनीम नवीन आहेत, जुन्यांचे नातू. एप्रिलात एकदा रात्री फोन आला. "दादा, तुमच्याकडं डागीचा रकाना रिकामा दिसतोय का?"

मी स्क्रीन पाहिली. रिकामा होता. शून्य नाही, रेघ नाही.

"बरोबर हाय मग. पेट्या सकाळी उघडणार."

आबा ओसरीवर पाट मांडून बसले होते, आता ऐकू कमी येतं. "काय म्हणता तो?"

"पेटये अजून उघडूक नाय म्हणता."

"मगे रेघ मारू नको," आबा म्हणाले.